ज्याचं परमिट त्याच्याकडे

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होतो आणि माझ्या स्कूटरच्या डिकीत दोन डझन केळी होती. केळी त्याच्यासाठीच घेतलेली. मंगळवारी हिरवट बघून घेतली की रविवारपर्यंत बेताची पिकतात, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. फोन इक्बालभाईंचा होता. ते बोर्लीचे रिक्षावाले. हा माणूस फोन केला की आधी सलाम, मग घरच्यांची चौकशी, मग कामाचं बोलणार. त्या दिवशी एकदम म्हणाले, "मास्तर, मिलिंदभाईंचा इंतकाल झाला. पायरीवर बसून बूट घालत होते." मी म्हणालो, "बूट कशाला? आज मंगळवार, आज त्याची विश्रांती." चाळीसेक वर्षांच्या मैत्रीतला माणूस गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे असं. पलीकडून इक्बालभाई म्हणाले, "ड्युटीचे बूट, मास्तर." मी हातातला खडू टेबलावर ठेवला, मुलांना काहीतरी वाचायला सांगितलं. काय सांगितलं ते आजही आठवत नाही...

मिलिंद वीज कंपनीत लाइनमन होता. दिघीपासून बोर्लीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांत असं घर सापडणार नाही, ज्याची गेलेली वीज त्याने कधी ना कधी आणून दिली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा, सडपातळ, पायांच्या पोटऱ्या पोलावर चढून चढून दगडासारख्या झालेल्या. आम्ही प्राथमिक शाळेपासून एका बाकावर. तरी पोहायला मात्र एकत्र शिकलो नाही. आमच्या आळीतली मुलं गावच्या विहिरीत शिकली आणि त्याच्या बुद्धवाडीतली मुलं खाडीत. असं का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पुढे मोठेपणी मी एकदा त्याच्याजवळ हा विषय काढला, जरा अपराधी चेहरा करूनच. तर म्हणाला, "अरे, बरं झालं की. तुम्ही विहिरीत गोल गोल फिरत राहिलात, मी समोरच्या काठाला लागलो." खरंच होतं ते. मी अजूनही कमरेपलीकडच्या पाण्यात जात नाही आणि तो ऐन खाडीत आपल्या अंगणात फिरावं तसा पोहायचा.

या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते वादळानंतर. ते मोठं वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्याकडे पोल काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तसे पडले होते. रस्ते बंद, गाड्या बंद. मिलिंद दीड महिना सायकलवरून, जिथे सायकल जाईना तिथे खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन, चालत आणि एकदोन ठिकाणी तर पाण्यातून पोहत काम करत होता. माणसं त्या दिवसांत खचली. हा उलट तरतरीत होऊन बाहेर आला. "मास्तर, माझं अंग अजून चालतंय रे," हे त्याने मला इतक्या आश्चर्याने सांगितलं होतं की मला हसू आलं. मग दोनेक वर्षांनी कुठेतरी मोबाइलवर त्याने पाहिलं: पावणेचार किलोमीटर पोहायचं, वर एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, वर बेचाळीस किलोमीटर धावायचं. सगळं एका दिवसात. मी म्हटलं, "आणि एवढं करून पोहोचायचं कुठे?" म्हणाला, "परत तिथंच." मी कपाळाला हात लावला.

मोबाइलवरच त्याने वाचलं की असल्या तयारीला सपोर्ट टीम लागते. शहरातल्या लोकांना प्रशिक्षक असतो, आहारतज्ज्ञ असतो, स्नायू चोळून देणारा असतो. मिलिंदने आपली टीम गावातूनच उभी केली, आणि ज्या थाटात केली तो थाट मंत्रिमंडळ बनवणाऱ्याचा होता. पोहण्याच्या खात्याला दिघीचा जनार्दन कोळी. भरतीचं पाणी चढून थांबतं आणि ओहोटी लागायची असते, तेवढ्या मधल्या वेळात तो होडी घेऊन मिलिंदच्या बाजूबाजूने जायचा. धावण्याला इक्बालभाई. दुपारची नमाज उरकून ते रिक्षा काढत आणि दिवेआगरच्या रस्त्याला मिलिंदच्या मागे दहाच्या वेगाने चालवत, म्हणजे मागून येणारा डंपर आधी रिक्षाला बिचकेल. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली की इक्बालभाई गाडी लावून मशिदीत जाणार हे ठरलेलं, त्यामुळे अजानच्या आत ठरलेलं अंतर कापायला हा गडी जिवाच्या आकांताने पळायचा. म्हणायचा, "एवढा शिस्तीचा प्रशिक्षक मुंबईतसुद्धा कुणाला मिळाला नसेल." सायकल आणि आहार ही दोन खाती माझ्याकडे. आहार का, तर "तू कायम काहीतरी खात असतोस म्हणून." रविवारी सकाळी तो सायकलवर आणि मी स्कूटरवर, दिघीहून म्हसळा, म्हसळ्याहून माणगाव आणि परत. डिकीत केळी, गूळ-शेंगदाणे, मीठ-लिंबाचं पाणी. माणगावला स्टँडजवळ मी मिसळ खायचो आणि तो उकडलेली रताळी खात माझ्या ताटाकडे बघत बसायचा. आणि घरचं खातं सुजातावहिनींकडे. त्या अंगणवाडी सेविका. वाडीतल्या पोरांची वजनं करता करता आता नवऱ्याचंही वजन दर सोमवारी वहीत लिहायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे. या टीमचा एक नियम होता. टीमने एकमेकांशी मिलिंदबद्दल बोलायचं नाही. मी सुरुवातीलाच हौसेने आमचा चौघापाचांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. मिलिंद दहा मिनिटांत त्यातून बाहेर पडला आणि संध्याकाळी घरी येऊन मला तो मोडायला लावला. कारण विचारलं तर त्याने लाइनमनच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. पोलावर काम करायचं तर आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यायचं, म्हणजे लाइन बंद केल्याची खात्री. ज्याने घेतलं त्यानेच काम संपल्यावर खाली उतरून ते परत करायचं, मगच लाइन चालू होते. मधे दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, अगदी साहेबानेसुद्धा. त्याच्या उमेदवारीच्या काळात एकदा दोघांनी एकाच लाइनीबद्दल सबस्टेशनला फोन केले होते. एकाचं काम झालं होतं, दुसरा अजून वर होता आणि लाइन चालू झाली. तो वरचा माणूस मिलिंदने स्वतः खाली उतरवला होता... "तेव्हापासून माझं ठरलंय, मास्तर. ज्याचं परमिट त्याच्याकडे. पाण्यातलं जनार्दन मला सांगेल, रस्त्यावरचं तू मला सांग. चौघं चार तोंडांनी बोलायला लागलात की घोटाळा होतो." मला ते पटलं. किती शहाणा माणूस आहे असंही वाटलं. ज्या नियमाने तो पंचवीस वर्षं पोलावर जिवंत राहिला, त्या नियमाशी हुज्जत घालणारा मी कोण?

आणि दिवस मजेत चालले होते हो. हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची स्पर्धा त्याने नक्की केली, नाव नोंदवलं, फिटनेसचा दाखला काढला. हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांनी सही केली तेव्हा तो कागद त्याने मला पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा दाखवला होता. टीमने स्पर्धेला जायचं म्हणून आम्हा तिघांसाठी एकसारख्या पिवळ्या टोप्या आणल्या. माझं डोकं मोठं, मला ती टोपी बसेना, तर म्हणाला, "आहारखात्याने आधी स्वतःकडे बघावं."

स्पर्धेला पाच आठवडे होते तेव्हाचा रविवार. म्हसळ्याच्या पुढचा घाट. एरवी मला घाटात त्याच्या मागे पहिल्या गियरमध्ये स्कूटर चालवायला लागायची. त्या दिवशी मी जरा मागे राहिलो होतो, वळणावर आलो तर सायकल आडवी आणि मिलिंद कठड्यावर बसलेला. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, आणि सकाळची हवा तर चक्क गार होती. मी जवळ जाईपर्यंत त्याने बाजूला वाकून ओकारी काढली. हात लावला तर कपाळ थंडगार. मी म्हटलं, "चल, सायकल टेम्पोत टाकू, डॉक्टरकडे जाऊ." म्हणाला, "केळं जास्त पिकलेलं होतं रे तुझं." मी म्हटलं, "मी वहिनींना सांगणार." तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. "नाही सांगायचं. ती घाबरेल. जनार्दनला तर मुळीच नाही, तो होडी आणायची बंद करील. परमिट कुणाकडे आहे?" मी म्हणालो, "तुझ्याकडे." दहा मिनिटांनी तो उठला, सायकलवर बसला आणि घाट चढला. मी मागून स्कूटरवर. आणि खरं सांगतो, मला त्याच्याबद्दल काळजीपेक्षा केळ्यांबद्दलच जास्त वाईट वाटत होतं. तेव्हापासून मी आणखी हिरवी केळी बघून घ्यायला लागलो. डिकीतलीही तशीच होती. घाटानंतर नऊ दिवसांनी तो गेला.

त्या मंगळवारी मी त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा वहिनी पायरीवरच बसल्या होत्या. मिलिंदच्या एका पायात बूट तसाच होता, दुसरा तिथेच पडलेला. रडत नव्हत्या. मला बघताच त्यांनी विचारलं, "भावजी, सायकल चालवताना काही झालं होतं का हो? काही बोलले होते का तुमच्याकडे?" अंगणात शंभर माणसं. मी म्हणालो, "नाही. काहीच नाही." का म्हणालो? त्याला दिलेला शब्द म्हणून, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होतो. तिसऱ्या दिवशी ते थोतांड मला पुरेना. भ्यालो होतो मी. त्या आल्यागेल्या प्रत्येकाला तेच विचारत होत्या, आणि प्रत्येक वेळी मी भिंतीशी उभा राहून ऐकत होतो.

जलदानविधीच्या दिवशी मोठी गर्दी होती. त्रिसरण-पंचशील झालं, पंचक्रोशीतली माणसं भरभरून बोलली. एक म्हातारी तर म्हणाली की तिच्या घरातला दिवा म्हणजेच मिलिंद. माणसं पांगली आणि अंगणातल्या खुर्च्या एकावर एक रचायला आम्ही तिघं मागे राहिलो. जनार्दन, इक्बालभाई आणि मी. वर्ष-दीड वर्ष आम्ही एकाच माणसासाठी राबत होतो आणि तिघं एका जागी असे पहिल्यांदाच भेटत होतो. जनार्दन खुर्ची उचलता उचलता सहज म्हणाला, "हाताचा तुमाला म्हाईत व्हता ना, मास्तर?"

"कुठल्या हाताचं?"

"डाव्या. पाण्यात उचलत नव्हता दोनदा. होडीची कड धरून ऱ्हायला पंधरा मिनटं. मना बोलला, मास्तरला सांगू नको, तो भित्रा हाय, सायकल बंद करल." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मना वाटला तुमाला ठावं हाय. तुमी शिकलेले."

इक्बालभाई खाली बसले. म्हणाले, "माझ्या रिक्षात बसले होते. ते गेले त्याच्या आधीच्या गुरुवारी. अर्धा मैल. छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणाले, दमा असेल. मला म्हणाले, टीमला कळलं तर शरम वाटेल. मी जबान दिली, मास्तर. खुदा गवाह आहे, मला वाटलं तुमच्याशी बोलले असतील. तुम्ही बचपनचे दोस्त."

मग मी घाट सांगितला. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की जनार्दनने दोनदा "काय?" म्हणून विचारलं. हात, छाती, घाम, ओकारी. चौथीतलं पोरसुद्धा यांची बेरीज करील. आम्ही तिघं आपापला एकेक आकडा मुठीत धरून बसलो होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बेरीज दुसऱ्याने केली असेल.

दारात वहिनी उभ्या होत्या, चहाचा ट्रे घेऊन. कधी आल्या कळलं नाही. ट्रे त्यांनी खुर्चीवर ठेवला. "जबडा दुखायचा त्यांचा," त्या म्हणाल्या. "पहाटे उठून बसायचे. मी लवंगेचं तेल लावायची. म्हणाले, दाढ आहे, स्पर्धेनंतर काढू, आणि भावजींना सांगू नको, ते उगाच बोभाटा करतील." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात." त्या आत गेल्या. तो चहा आम्ही कुणीच प्यायलो नाही.

त्यानंतर तीन आठवडे वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. म्हसळ्याला एक डॉक्टर आहे, माझा जुना विद्यार्थी. त्याला जाऊन मी सगळं सांगितलं, जणू तो मला छडी मारील अशा आशेने. तो म्हणाला, "सर, यातली एकच गोष्ट घेऊन कुणी आलं असतं तर कदाचित मीसुद्धा पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं असतं. चारही एकदम सांगितल्या असत्या तर आलेख काढून त्याच दिवशी मुंबईला धाडलं असतं. तिथे वाचलेच असते, असंही मी म्हणत नाही." याच्यावर चिडावं असंही काही नव्हतं. मिलिंदवर चिडून पाहिलं. त्याने आम्हाला फसवलं असं म्हणून पाहिलं. पण त्याला स्वतःला तरी बेरीज कुठे करायची होती? आयुष्यभर ज्याने समोरच्या घरातला अंधार घालवला, त्याला स्वतःसाठी ती एक स्पर्धा, एवढाच आनंद हवा होता. मी त्याच्या जागी असतो तर? मी त्याच्या जागी कधीच नसतो, मी विहिरीतला... नाही, हे विनोद आता नकोत.

गेल्या महिन्यापासून मात्र आमच्यात एक विचित्र सवय सुरू झाली आहे. पहिला फोन जनार्दनचा. "मास्तर, काय न्हाय, परवापासून खोकला हाय. सांगून ठेवतंय." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मी तो लगेच इक्बालभाईंना कळवला. दोन दिवसांनी इक्बालभाईंचा गुडघा. मग माझी झोप. पन्नाशीचे तीन बाप्ये एकमेकांना पोटात गुबारा धरल्याच्या बातम्या कळवतात, याला गावात लोक हसतात. हसोत. माझी बायकोही हसते, आणि हसता हसता माझं औषध काढून समोर ठेवते.

मागच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला आणि नाव वहिनींचं. मी पायऱ्या उतरून मैदानात गेलो. "भावजी," त्या म्हणाल्या, "इक्बालभाई अंगणवाडीत सोडायला येतात, त्यांच्याकडून कळलं तुमचं ते. कालपासून छातीत जळजळतंय. पित्तच असेल. पण सांगून ठेवते." मी हेडमास्तरांना न विचारता स्कूटर काढली. वाटेत त्या मागे बसून म्हणत होत्या, "अहो, पित्तच आहे, कालच्या वाटाण्याचं आहे." म्हसळ्याच्या त्याच डॉक्टरने त्यांना आडवं केलं, आलेख काढला, चार प्रश्न विचारले. पित्तच होतं. आलेख अगदी साफ होता. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी तो आलेखाचा लांब कागद दोन्ही हातांत धरून बघत होत्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि मलाही नाही.

"किती वेळ लागला हो सगळ्याला?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. "आत गेल्यापासून वीस मिनिटं."

"वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. मग तो कागद त्यांनी तोंडाशी धरला आणि मिलिंद गेल्यापासून न रडलेल्या वहिनी रडायला लागल्या. दवाखान्यातली माणसं बघत होती. "एवढंच होतं हो भावजी... एवढंच करायचं होतं." नंबर पुकारत होते, लोक आत-बाहेर करत होते, आणि मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो.